सापाच्या अंगावरील माइट : पेटीतील उपद्रव आणि घरातील मुले

बालरोगतज्ज्ञाने सापाविषयी लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. आपल्या समाजात सापाशी संबंध येतो तो नागपंचमीच्या दिवशी पाटावर चंदनाने काढलेल्या नागाशी, किंवा पावसाळ्यात अंगणात निघालेल्या धामणीशी. अशा वेळी सर्पमित्राला बोलवावे आणि साप सुरक्षित जागी सोडून द्यावा, एवढीच आपली जबाबदारी असे आपण मानत आलो. परंतु गेल्या काही वर्षांत चित्र बदलले आहे. आमच्या बडोद्यातच नव्हे, तर इंदूर, हैदराबाद, पुणे अशा अनेक शहरांतून काचेच्या पेटीत बॉल पायथन किंवा कॉर्न स्नेक पाळणारी तरुण मुले आता आढळतात. हे परदेशी, बिनविषारी साप असतात. ते शांत असतात, भुंकत नाहीत, फिरायला न्यावे लागत नाहीत, आठवडा-दोन आठवड्यांतून एकदा खातात. सदनिकेत राहणाऱ्या कुटुंबाला ते सोयीचे वाटतात.

मात्र सापाबरोबर घरात कधी कधी एक सूक्ष्म पाहुणाही येतो. तो सापाचे रक्त पितो, अंथरुणात अंडी घालतो, आणि प्रसंगी घरातील माणसांनाही चावतो. त्याला घालविण्यासाठी घरात जे जे उपाय केले जातात, त्यांपैकी काही त्या पाहुण्यापेक्षाही घातक असतात. म्हणून हा विषय पशुवैद्यकाचा असला तरी आपल्याही दवाखान्याच्या दारापर्यंत येतो. या लेखात त्याची माहिती डॉक्टर बंधुभगिनींसाठी आणि सर्वसामान्य वाचकांसाठीही, शक्य तितक्या सोप्या भाषेत देण्याचा प्रयत्न केला आहे.

एक कुटुंब, एक खाज

काही वर्षांपूर्वी सात वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आली. हातांवर, मनगटाच्या वर आणि कमरेभोवती बारीक लाल पुटकुळ्या होत्या व त्यांना अतिशय खाज होती. आईच्याही हातांवर तशाच पुटकुळ्या होत्या. दोघींना दोनदा खरजेचे मलम लावून झाले होते. चार दिवस बरे वाटे आणि पुन्हा तेच. मलम नीट लावले होते, कपडे उकळून घेतले होते, घरातील सर्वांनी एकाच दिवशी उपचार घेतला होता. बोटांच्या बेचक्या मात्र स्वच्छ होत्या आणि भिंगातून पाहिल्यावर खरजेची बिळे कोठेही दिसत नव्हती.

अशा वेळी मी नेहमी विचारतो तो प्रश्न विचारला, "घरात प्राणी कोणते आहेत? खिडकीत कबुतरांचे घरटे आहे का?" आई थोडी संकोचली. मुलीने मात्र उत्साहाने सांगितले की दादाने साप पाळला आहे आणि तो सध्या दिवसभर पाण्याच्या भांड्यातच बसून असतो. हे शेवटचे वाक्य निदानाच्या दृष्टीने फार मोलाचे होते. त्याचे कारण पुढे येईलच. दुसऱ्या दिवशी त्या मुलाने पेटीतील पाण्याच्या भांड्याच्या तळाचे छायाचित्र आणले. तळाशी खसखशीएवढे कितीतरी काळे ठिपके पडलेले होते.

या कुटुंबापुढे तीन मार्ग होते. वडिलांचे म्हणणे असे की साप विश्वामित्रीच्या काठी सोडून द्यावा. एका नातेवाइकाने शेतात फवारण्याचे कीटकनाशक देऊ केले होते, आणि सापाची पेटी होती मुलांच्या झोपण्याच्या खोलीत. तिसरा मार्ग कष्टाचा आणि चिकाटीचा, परंतु सर्वांच्या हिताचा होता. तो कोणता, हे कळण्यासाठी प्रथम या जीवाची ओळख करून घ्यावी लागेल.

हा जीव कोण?

याचे शास्त्रीय नाव ऑफिओनिसस नॅट्रिसिस. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ जेर्व्हे यांनी १८४४ मध्ये त्याचे वर्णन केले. हा कीटक नव्हे. आठ पायांचा, कोळी आणि गोचीड यांच्या वर्गातील प्राणी आहे. अशा प्राण्यांना आपण 'माइट' हेच नाव वापरतो आणि येथेही तेच वापरू. खरजेचा सार्कोप्टिस हा त्याचा दूरचा भाऊबंद होय. दोघांच्या वागणुकीत मात्र मूलभूत फरक आहे. सार्कोप्टिस मनुष्याच्या त्वचेत बीळ करून तेथेच अंडी घालतो. त्याचा संसार आपल्या कातडीत चालतो. सापाचा माइट सापाच्या अंगावर केवळ जेवायला येतो. त्याची अंडी, त्याची वाढ आणि त्याच्या विश्रांतीचा काळ पेटीच्या फटींत, अंथरुणात, लाकडाच्या भेगांत जातो. उपचाराचे सारे मर्म या एका फरकात आहे.

अमेरिकी संशोधक जोसेफ कॅमिन यांनी १९५३ मध्ये या माइटचे जीवनचक्र तपशीलवार मांडले. अंडे, डिंभ, पहिली बाल्यावस्था, दुसरी बाल्यावस्था आणि प्रौढ अशा पाच अवस्था असतात. यांपैकी पहिली बाल्यावस्था आणि प्रौढ अवस्था या दोनच रक्त पितात. उरलेल्या अवस्था काही न खाता पार पडतात. मादी रक्त पिऊन तट्ट फुगली की अंधारी, दमट फट शोधते आणि तेथे अंडी घालते. आयुष्यभरात ती साधारणतः ६० ते ८० अंडी घालते. अंडी एक ते चार दिवसांत उबतात, आणि अनुकूल उष्णतेत अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास सुमारे दोन ते तीन आठवड्यांत पुरा होतो. प्रौढ माइट सुमारे ४० दिवस जगू शकतो. नराशी संग न झालेल्या मादीच्या अंड्यांतून नर निपजतात, त्यामुळे एकच मादी पेटीत शिरली तरी पुढे वसाहत उभी राहू शकते.

त्याला मानवणारे हवामान म्हणजे २५ ते ३० अंश सेल्सिअस उष्णता आणि भरपूर दमटपणा. पश्चिम आफ्रिकेतील बॉल पायथनसाठी आपण पेटीत जे हवामान मुद्दाम निर्माण करतो, ते जवळजवळ हेच. त्याचे शत्रू कोरडेपणा, ५० अंशांवरील उष्णता आणि पाणी हे होत. शत्रूंची ही यादी आपल्या उपयोगाची आहे.

सापावरील खुणा

भुकेला माइट पिवळसर-तपकिरी असतो. रक्त प्यालेला काळपट-लाल दिसतो. प्रौढ मादी जेमतेम एक मिलिमीटर लांबीची असल्याने नुसत्या डोळ्यांना ती हलणाऱ्या काळ्या ठिपक्यासारखी दिसते. डोळ्यांभोवतीच्या खवल्यांच्या कडा, हनुवटीखालची खाच आणि शेपटीच्या अलीकडील उत्सर्गद्वार या तीन ठिकाणी ते दाटी करतात. खवल्यांवर पांढरी भुकटी पडल्यासारखे दिसते, ती त्यांची विष्ठा असते.

त्रासलेला साप तासन्‌तास पाण्यात पडून राहतो, कारण पाण्यात अंगावरचे माइट बुडून मरतात. म्हणूनच त्या मुलीचे वाक्य महत्त्वाचे होते. अर्थात कात टाकण्यापूर्वीही साप पाण्यात बसतो, तेव्हा भांड्याच्या तळाशी काळे ठिपके आहेत का, हे पाहून खात्री करावी. याशिवाय साप खाणे सोडतो, अस्वस्थपणे अंग घासतो, कात अखंड न निघता तुकड्यातुकड्यांनी निघते. पेटीत फार मोठी संख्या झाली तर लहान सापाला रक्तक्षय होऊन तो दगावतोही. एरोमोनास हायड्रोफिला या जिवाणूंमुळे सापांना होणारा रक्तदोष हे माइट एका सापाकडून दुसऱ्याकडे नेतात, हे कॅमिन यांनीच १९४८ मध्ये दाखविले होते. अजगरवर्गीय सापांमध्ये चेतासंस्थेचा एक असाध्य विषाणुजन्य विकार आढळतो. त्याच्याशी निगडित अरेनाविषाणूंचा शोध २०१२ मध्ये लागला, आणि त्यांच्या प्रसारातही या माइटवर संशय आहे.

खात्री करण्याची सोपी पद्धत अशी. ओलसर पांढरा कागदी रुमाल हातात धरून त्यातून सापाला हळूच सरकू द्यावे. रुमालावर काळे-लाल ठिपके आले आणि ते चिरडल्यावर रक्ताचा डाग पडला तर निदान जवळजवळ निश्चित होते. ठिपका पारदर्शक चिकटपट्टीवर घेऊन काचपट्टीवर लावला तर दवाखान्यातील साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे आठ पाय स्पष्ट मोजता येतात.

माणसावरील पुटकुळ्या : खरूज की आणखी काही?

सापाचा माइट माणसाला चावल्याच्या नोंदी १९७५ पासून वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. माणसाच्या अंगावर त्याचा संसार चालत नाही. तो चावतो आणि निघून जातो. पुटकुळ्या प्रामुख्याने सापाला हाताळणाऱ्या हातांवर आणि कपडे घट्ट बसतात अशा ठिकाणी येतात. त्वचेत बिळे नसतात. बोटांच्या बेचक्या, काखा, जननेंद्रिये आणि तान्ह्या मुलांचे तळवे ही खरजेची नेहमीची ठिकाणे बहुधा मोकळी असतात. माइटचा स्रोत नाहीसा झाला की काही दिवसांत त्वचा आपोआप बरी होते. रुग्णाला लागते ते केवळ खाज कमी करणारे औषध, आणि गरज भासल्यास सौम्य स्टिरॉइड मलम.

येथे तोल सांभाळणे आवश्यक आहे. आपल्याकडे खरूज हा अतिशय सामान्य रोग आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये तिचा दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत समावेश केला. खाज सुटलेल्या मुलाच्या घरी साप असला तरी त्याला खरूजच झालेली असू शकते. आणि प्राण्यांच्या माइटचा विचार करताना सापाआधी कबुतरांचा विचार करावा. वातानुकूलन यंत्रामागे किंवा सज्जात कबुतरांचे घरटे असते. पिले उडून गेली की पक्ष्यांचे भुकेले माइट खिडकीतून आत येतात. उंदरांचे माइटही असेच वागतात. सापाला खाद्य म्हणून जिवंत उंदीर आणले जात असतील तर ही शक्यताही ध्यानात ठेवावी. थोडक्यात, खरजेचा योग्य उपचार होऊनही खाज वारंवार परत येत असेल आणि बिळे सापडत नसतील, तर मलम तिसऱ्यांदा लिहून देण्यापूर्वी घरातील प्राणी, पक्षी आणि घरटी यांची चौकशी करावी.

उपचाराचे तत्त्व

खरजेचा उपचार आपण कसा करतो? घरातील सर्वांना एकाच वेळी परमेथ्रिन लावतो, कपडे-अंथरूण धुण्यास सांगतो, आणि साधारण आठवड्याने उपचार पुन्हा करतो, कारण पहिल्या वेळी वाचलेल्या अंड्यांतून नवी पिढी बाहेर आलेली असते. सापाच्या माइटसाठी तर्क हाच आहे, भर मात्र निराळ्या ठिकाणी द्यावा लागतो. खरजेत मुख्य रणभूमी त्वचा असते आणि अंथरूण दुय्यम असते. येथे मुख्य रणभूमी पेटी आहे. केवळ सापाला औषध लावून त्याला त्याच पेटीत ठेवले, तर फटींतील अंडी उबून दोन-तीन आठवड्यांत सारे पूर्ववत होते. लोक निराश होऊन अधिकाधिक जहाल औषधांकडे वळतात ते येथेच.

म्हणून काम तीन भागांत वाटावे आणि तिन्ही भाग एकाच दिवशी सुरू करावेत.

पहिला भाग सापाचा. त्याला कोमट, म्हणजे सुमारे ३० अंश सेल्सिअस पाण्यात २० ते ३० मिनिटे ठेवावे. पाणी त्याच्या अंगाच्या निम्म्या जाडीपेक्षा खोल नसावे, आणि त्याला क्षणभरही एकटे सोडू नये. अंगावरचे बरेच माइट बुडतात. काही पाण्यापासून पळून डोक्यावर जमतात. ते ओलसर कापसाच्या काडीने हलक्या हाताने टिपून काढावेत. स्नानाने माइट कमी होतात, संपत नाहीत, हे लक्षात ठेवावे. अंगाला खाद्यतेल चोपडण्याचा जुना उपाय काही जण सांगतात. त्याने काही माइट गुदमरतात, पण साप आणि पेटी दोन्ही चिकट होतात आणि फटींतील अंडी जशीच्या तशी राहतात.

दुसरा भाग पेटीचा. साप तात्पुरत्या, झाकण पक्के बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यात हलवावा. डब्याला हवेसाठी बारीक छिद्रे असावीत. पेटीतील नारळाचा भुसा, साली, पाने हे सर्व अंथरूण पिशवीत घालून तोंड घट्ट बांधून लगेच घराबाहेर टाकावे. लाकडाचे ओंडके आणि सच्छिद्र शोभेच्या वस्तूही टाकून द्याव्यात. शंभर-दोनशे रुपयांच्या लाकडासाठी सहा आठवड्यांचे श्रम वाया घालवू नयेत. पाण्याचे भांडे आणि प्लॅस्टिकची लपण्याची जागा उकळत्या पाण्याने धुवावी. काचेवर एकदम उकळते पाणी ओतल्यास ती तडकते, म्हणून पेटी साबण आणि सोसवेल इतक्या गरम पाण्याने घासावी आणि सांधे, सरकत्या दारांच्या खाचा, झाकणाची जाळी ब्रशने काढावी. पेटी पूर्ण कोरडी करून तळाशी केवळ पांढरा कागदी रुमाल अंथरावा. पांढऱ्यावर काळा ठिपका लगेच दिसतो, आणि कागद रोज बदलता येतो.

तिसरा भाग खोलीचा. पेटीखालचे टेबल, मागची भिंत, फरशीच्या फटी यांवरून धूळ ओढणारे यंत्र फिरवून त्यातील पिशवी लगेच बाहेर टाकावी. पेटी मुलांच्या झोपण्याच्या खोलीत असेल तर ती तेथून हलवावी, आणि उपचारानंतरही परत आणू नये.

दिनदर्शिका

अंडी चार दिवसांपर्यंत उबतात आणि बाहेर आलेल्या पिलाला प्रौढ होण्यास आठवडा ते दोन आठवडे लागतात. ही पिढी अंडी घालण्यापूर्वी गाठली पाहिजे. म्हणून पहिले दोन आठवडे दर तीन ते चार दिवसांनी पेटीची संपूर्ण स्वच्छता आणि सापाचे स्नान करावे. नंतर सहाव्या आठवड्यापर्यंत दर आठवड्याला एकदा करावे. शेवटचा माइट दिसल्यानंतर चार आठवडे कागदी रुमालाची चाचणी चालू ठेवावी. सापाने कात टाकली की ती त्याच दिवशी उचलून बाहेर टाकावी, कारण तिच्याबरोबर अनेक माइट निघालेले असतात. दहाव्या दिवशी एकही ठिपका दिसत नाही म्हणून थांबणे ही क्षयाचे औषध दोन महिन्यांत सोडणाऱ्या रुग्णासारखीच गोष्ट होय.

वर उल्लेखिलेल्या कुटुंबातील तरुणाने ही दिनदर्शिका भिंतीवर लावून सहा आठवडे निष्ठेने पाळली. औषधांचा भाग पशुवैद्याने सांभाळला. मुलीच्या पुटकुळ्या पेटी खोलीबाहेर गेल्यावर दहा-बारा दिवसांत मावळल्या. तिला माझ्याकडून कोणतेही नवे मलम द्यावे लागले नाही.

औषधे : उपयोग आणि धोके

स्वच्छतेच्या जोडीला बहुतेक वेळा औषध लागते, परंतु ते सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडूनच घ्यावे. आयव्हरमेक्टिन आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. सापांमध्ये त्याची मात्रा किलोमागे ०.२ मिलिग्रॅम असून ती दोन आठवड्यांच्या अंतराने त्वचेखाली देतात. गणित करून पाहावे. एक किलो वजनाच्या सापाला लागतात ०.२ मिलिग्रॅम, बाजारातील एक टक्क्याच्या द्रावणात एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम असतात, म्हणजे मात्रा झाली ०.०२ मिलिलिटर. नवजात अर्भकांच्या मात्रा काढणाऱ्या आम्हा बालरोगतज्ज्ञांना अशा दशांशचिन्हाची धास्ती ठाऊक आहे. एक शून्य चुकले तर दसपट औषध जाते, आणि जास्त मात्रेने सापाला चेतासंस्थेचे विकार होतात. कासवांना तर आयव्हरमेक्टिन प्राणघातक ठरते. घरात साप आणि कासव दोन्ही असतील तर ही सूचना अधोरेखित करावी. घरात उरलेली माणसांची गोळी कुटून पाण्यात ढवळून फवारणे हाही उपाय नव्हे, कारण हे औषध पाण्यात नीट विरघळत नाही आणि मात्रेचा भरवसा राहत नाही.

फिप्रोनिलचा कुत्र्या-मांजरांसाठीचा फवारा पशुवैद्य कापडावर घेऊन सापाच्या अंगावरून पुसतात आणि नंतर धुऊन काढतात. परमेथ्रिन बहुधा रिकाम्या पेटीवर वापरतात; ते पूर्ण सुकून पेटी हवेशीर झाल्याशिवाय साप आणि पाण्याचे भांडे आत ठेवीत नाहीत. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन तिच्यासाठी विषारी आहे, हे विसरू नये. गेल्या काही वर्षांत कुत्र्यांच्या गोचिडांवरील आयसोक्झाझोलिन गटातील तोंडाने देण्याची औषधेही सापांमध्ये वापरली जाऊ लागली आहेत. युरोप-अमेरिकेत सापाला अपाय न करता या माइटना खाणारे भक्षक माइट पेटीत सोडण्याची पद्धतही रुजते आहे.

आता धोक्याचा भाग. पूर्वी पाश्चात्त्य देशांत डायक्लोरव्हॉस या सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषाच्या पट्ट्या पेटीत टांगण्याची प्रथा होती, आणि तो सल्ला अजूनही जुन्या पुस्तकांतून सापडतो. भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून डायक्लोरव्हॉसवर बंदी आहे. तरीही गोदामात किंवा शेतघरात जुन्या बाटल्या उरलेल्या असू शकतात. बंद खोलीत अशा विषाची वाफ साठते, मूल फरशीवर खेळते, तोच हात तोंडात घालते. बारीक झालेल्या बाहुल्या, लाळ, घाम, उलटी, मंदावलेली नाडी, श्वासनलिकेत स्राव ही चित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. तेथे अॅट्रोपिनला विलंब होता कामा नये. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मिळणारे अमिट्राझ हे दुसरे फसवे औषध आहे. मुलाने ते प्याल्यास सुस्ती, बारीक बाहुल्या आणि मंद नाडी दिसते आणि फॉस्फरसयुक्त विषाचा भास होतो. परंतु स्रावांचा पूर सहसा नसतो, रक्तातील साखर वाढलेली असू शकते आणि कोलिनेस्टरेझ सामान्य असते. त्यावर विशिष्ट उतारा नाही. श्वसन आणि रक्ताभिसरण सांभाळणे हाच उपचार. बेशुद्ध मुलाच्या पालकांना म्हणूनच विचारावे की घरात प्राण्यांसाठी कोणते औषध आणले आहे, आणि बाटली घेऊन येण्यास सांगावे.

साल्मोनेला आणि कायदा

पेटीच्या स्वच्छतेबरोबर आणखी एक प्रश्न येतो. निरोगी दिसणाऱ्या सापांच्याही विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात. अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली ती मुलांमधील साल्मोनेलाच्या साथींमुळेच. पाच वर्षांखालील मूल, गर्भवती स्त्री, वयोवृद्ध किंवा प्रतिकारशक्ती क्षीण झालेली व्यक्ती घरात असेल, तर सरपटणारा प्राणी पाळू नये, असाच सल्ला मी देतो. माइट घालविण्याच्या धडपडीत पेटी स्वयंपाकघरातील मोरीत धुतली जाते किंवा सापाला बाळाच्या आंघोळीच्या टबात बसविले जाते. हे कदापि होऊ देऊ नये. सापासाठी वेगळी बादली, वेगळा ब्रश ठेवावा, आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. लहान मुलाने पेटी साफ करू नये.

कायद्याविषयी दोन शब्द. नाग, धामण, अजगर आदी भारतीय साप पकडून पाळणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या आंतरराष्ट्रीय व्यापार-करारातील यादीतल्या परदेशी प्राण्यांचा या अधिनियमात २०२२ च्या दुरुस्तीने समावेश झाला, आणि २०२४ च्या नियमांनुसार त्यांची परिवेश या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी बंधनकारक झाली. कोणताही परदेशी साप नदीकाठी सोडून देणे हा सुटकेचा मार्ग नव्हे. तो साप अपरिचित हवामानात बहुधा तडफडून मरतो, आणि त्याच्या अंगावरील माइट व जंतू आपल्या धामणी-अजगरांपर्यंत पोचू शकतात. विश्वामित्रीचा काठ मगरींचे आणि असंख्य सापांचे घर आहे. त्यांच्या घरात आपल्या घरची पीडा नेऊन टाकण्याचा आपल्याला अधिकार नाही. ज्याला साप सांभाळणे अशक्य झाले असेल त्याने वन खात्याशी संपर्क साधावा.

प्रतिबंध

माइट बहुधा नव्या सापाबरोबर, त्याच्या पेटीबरोबर किंवा हाताळणाऱ्याच्या कपड्यांवरून येतो. म्हणून नवा साप आणल्यावर त्याला किमान दोन ते तीन महिने वेगळ्या खोलीत, कागदी अंथरुणावर ठेवावे. त्याची भांडी व चिमटे वेगळे असावेत. आणि रोजच्या कामात जुन्या, निरोगी सापाला आधी आणि नव्याला शेवटी हाताळावे. रुग्णालयातील संसर्ग-कक्षाचा नियम याहून वेगळा नाही. साप विकत घेण्यापूर्वी पांढऱ्या रुमालाची चाचणी विक्रेत्यासमोरच करावी. जो ती करू देत नाही त्याच्याकडून साप घेऊ नये.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी साप नाही आणि यापुढेही नसेल. परंतु आपल्याकडे येणाऱ्या मुलांच्या घरी काय आहे, हे विचारल्याशिवाय कळत नाही. पालक साप असल्याचे सांगायला लाजतात. कायद्याची भीती असते, शेजाऱ्यांची असते, डॉक्टर रागावतील अशीही असते. न रागावता विचारले तर मूलच उत्तर देते. रुग्णाच्या इतिहासपत्रिकेत अन्न, लसी आणि ॲलर्जी यांच्या खाली "घरातील प्राणी व पक्षी" अशी एक ओळ प्रत्येकाने छापून घ्यावी, एवढीच आपल्या मंडळाच्या सदस्यांना विनंती.